प्रवेश रद्द करण्याची मुदत जवळ आली असताना काय तपासून पाहावे

गडहिंग्लज तालुक्यातील एका शेतकरी घरातल्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावी विज्ञान झाल्यावर त्याला कॅपच्या, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, तिसऱ्या फेरीत कोल्हापूरजवळच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल शाखेला प्रवेश मिळाला. वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले आहेत. गणिताच्या तासाला काहीच समजत नाही, शिकवणे सगळे इंग्रजीतून आहे, रात्री झोप लागत नाही, आणि मुळात त्याला शाखा कॉम्प्युटर हवी होती. गावाकडचा मित्र म्हणतो, प्रवेश रद्द कर आणि इकडेच बी.एस्सी.ला ये. वडील म्हणतात, फी भरली आहे, आता माघार नाही. प्रवेश रद्द करण्याच्या अंतिम तारखेला बारा दिवस उरले आहेत आणि काय करावे ते सुचत नाही.

मी कोल्हापुरात प्रथम वर्ष अभियांत्रिकीला बरीच वर्षे गणित शिकवले आहे आणि प्रवेश समितीचे कामही जवळून पाहिले आहे. त्या आधारावर माझे मत आधी सांगतो आणि मग त्यामागची कारणे देतो. तुम्ही लिहिलेल्या तक्रारींपैकी एकही तक्रार, आज जशी आहे तशी, प्रवेश रद्द करण्याला पुरेशी नाही. परंतु त्यांतल्या दोन तक्रारी अशा आहेत की पुढच्या आठ दिवसांत नीट तपासल्यावर त्या पुरेशा ठरू शकतात. म्हणून आज अर्ज करू नका आणि "काहीही झाले तरी राहायचेच" असेही आज ठरवू नका. हे आठ दिवस शोध घेण्याचे आहेत, आणि तो शोध कसा घ्यायचा हे मी खाली सविस्तर सांगणार आहे.

आधी मुदतीचा अर्थ समजून घ्या, कारण बहुतेक घरांत वाद इथेच सुरू होतो. ही मुदत पैशाची आहे. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या नियमांनुसार कॅपमधून झालेला व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश जाहीर झालेल्या अंतिम तारखेपर्यंत रद्द केला, तर प्रक्रिया शुल्क म्हणून एक हजार रुपये वजा करून बाकीची फी परत मिळते. ती तारीख उलटल्यावर मात्र सुरक्षा ठेव आणि अनामत रक्कम एवढेच परत मिळते; वर्षाची शिकवणी फी जाते. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.सारख्या अभ्यासक्रमांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे वेगळे धोरण आहे. 2018 च्या अधिसूचनेत प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान 15 दिवस आधी कळवल्यास पूर्ण परतावा, त्यानंतर त्या तारखेपर्यंत 90 टक्के, तारखेनंतरच्या 15 दिवसांत 80 टक्के, 16 ते 30 दिवसांत 50 टक्के आणि त्यापुढे काहीही नाही, अशी पायरी ठेवलेली होती. पुढे आयोगाने काही वर्षांसाठी थेट तारखाच दिल्या. 2024-25 साठी 30 सप्टेंबर 2024 पर्यंत पूर्ण परतावा आणि 31 ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त एक हजार रुपयांची कपात, असे ते परिपत्रक होते. तुमच्या वर्षाची तारीख कोणती हे मित्राच्या सांगण्यावरून किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवरून ठरवू नका. कक्षाच्या संकेतस्थळावरचे वेळापत्रक उघडा, त्याची प्रत काढा आणि ती घरी दाखवा.

या नियमाचा एक सरळ परिणाम तुमच्या वडिलांच्या लक्षात आणून दिला पाहिजे. "फी भरली आहे" हे राहण्याचे कारण मुदतीच्या आत होऊच शकत नाही, कारण ती फी परत मिळण्यासारखी आहे. आणि मुदत उलटून गेल्यावरही ते कारण होत नाही, कारण तेव्हा तुम्ही राहिलात काय आणि गेलात काय, या वर्षाची फी गेलेलीच असते. राहिल्यास उलट आणखी तीन वर्षांची फी भरायची असते. म्हणजे भरलेल्या फीचा विचार दोन्ही बाजूंनी बाजूला ठेवता येतो. खरा प्रश्न एवढाच उरतो की पुढची चार वर्षे या अभ्यासक्रमात घालवणे तुमच्या हिताचे आहे का. हे मी इतक्या ठासून सांगतो आहे, कारण आई-वडिलांच्या कष्टाच्या पैशाविषयी मुलांच्या मनात जी अपराधी भावना असते, तिच्यामुळे अनेक मुले मुदत गप्प बसून घालवतात आणि मग डिसेंबरमध्ये, पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या तोंडावर, पैसे आणि वर्ष दोन्ही गमावून घरी जातात. तसे तुमचे होऊ नये.

आता तुमच्या तक्रारींकडे वळतो. त्या तुम्ही एका दमात लिहिल्या आहेत आणि त्यामुळे त्या एकच वाटतात. प्रत्यक्षात त्या चार आहेत, चौघींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. गणित समजत नाही ही पहिली, भाषा समजत नाही ही दुसरी, शाखा मनासारखी नाही ही तिसरी आणि झोप लागत नाही ही चौथी. यांपैकी गणित आणि भाषा या दोन तक्रारी अनेकदा एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की खुद्द विद्यार्थ्यालाच त्या वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून त्यांवर थोडे थांबतो.

एकदा असाच एक विद्यार्थी वही घेऊन माझ्याकडे आला होता. फळ्यावरचे सगळे इंग्रजी त्याने सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले होते. आंशिक विकलनाची, म्हणजे पार्शल डिफरन्सिएशनची, व्याख्या होती, चिन्हे होती, ऑयलरच्या प्रमेयाची अर्धी सिद्धता होती आणि त्यापुढे पान कोरे होते. मी त्याला विचारले, बारावीत x² चे विकलन काय करायचास? तो लगेच म्हणाला, 2x. मग मी u = x²y³ असे लिहून दिले आणि मराठीतून एवढेच सांगितले की आता y हा अंक आहे असे समज, 5 किंवा 7 सारखा, आणि फक्त x कडे बघ. त्याने 2xy³ असे लिहिले. मग x ला अंक समजून y कडे बघ म्हटल्यावर 3x²y² लिहिले. पहिल्या उत्तराला x ने आणि दुसऱ्याला y ने गुणून बेरीज करायला सांगितली, तेव्हा 2x²y³ अधिक 3x²y³ म्हणजे 5x²y³ आले. आणि ते पाचपट u आहे हे त्याचे त्यालाच दिसले. x आणि y चे घातांक मिळून पाच, आणि उत्तरही u च्या पाचपट. ज्या प्रमेयापाशी त्याचे पान थांबले होते ते प्रमेय हेच सांगते. त्या मुलाला गणित येत होते. तासाला जे सुटत होते ते इंग्रजी वाक्य होते, आणि एक वाक्य सुटले की पुढची दहा मिनिटे त्याच वाक्याच्या मागे धावण्यात जात होती.

हीच चाचणी तुम्ही स्वतःवर करा. आतापर्यंत झालेल्या भागातली पाच सोडवलेली उदाहरणे निवडा. वर्गातल्या किंवा वरच्या वर्गातल्या ज्याला ते येते अशा एखाद्याला ती मराठीतून समजावून द्यायला सांगा, किंवा सरळ तुमच्या गणिताच्या सरांकडे तास नसताना जा. सर नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणालेच तर दुसऱ्या सरांकडे जा. दुसऱ्या दिवशी वही बंद करून तीच उदाहरणे आणि त्यांसारखी आणखी पाच एकट्याने सोडवा. दहांपैकी सहा-सात सुटली तर तुमची अडचण भाषेची आणि वेगाची आहे, आणि ती पहिल्या सत्रातच बऱ्यापैकी ओसरते. इथे मी अनुभवाने बोलतो आहे: चंदगड, आजरा, राधानगरी, शाहूवाडी या भागांतून मराठीतून शिकून आलेल्या मुलांना सप्टेंबरमध्ये जे वाटते ते जानेवारीत वाटत नाही. कारण तांत्रिक इंग्रजी मर्यादित असते. तेच दोनशे-तीनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि ते एकदा कानाला सरावले की तास समजू लागतो. वहीच्या मागच्या पानांवर रोज नवे शब्द त्यांच्या मराठी अर्थासह लिहीत गेलात तर हा काळ आणखी कमी होतो.

परंतु मराठीतून समजावल्यावरही उदाहरणे सुटली नाहीत, तर पुढचा प्रश्न विचारा: बारावीचा पाया कच्चा आहे का? अकरावी-बारावीतले विकलन, संकलन, निश्चयक (डिटर्मिनंट), त्रिकोणमिती यांत कुठे अडते ते एखाद्या सरांकडून तपासून घ्या. पाया कच्चा असेल तर तो भरून काढायला दोन-तीन महिन्यांची रोजची दीड-दोन तासांची मेहनत लागेल, आणि ती चालू अभ्यासाच्या वर लागेल. हे करण्याची तयारी आहे का, याचे प्रामाणिक उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल. आणि पाया ठीक असूनही, समजावून घेऊनही, गणितासमोर बसण्याचीच इच्छा मरत असेल, तर ती गोष्ट गंभीरपणे घ्या. अभियांत्रिकीचे गणित पहिल्या वर्षाबरोबर संपत नाही. पुढे यंत्रशास्त्र, द्रवयांत्रिकी, उष्मागतिकी यांतून ते येतच राहते. तुमच्या ज्या दोन तक्रारी प्रवेश रद्द करण्याला पुरेशा ठरू शकतात असे मी वर म्हटले, त्यांतली ही एक.

शाखेच्या बाबतीत माझे मत जरा कठोर आहे. कॉम्प्युटर हवी होती म्हणून मेकॅनिकल सोडायची, हे तीन आठवड्यांत ठरवण्यासारखे नाही, कारण या तीन आठवड्यांत तुम्ही मेकॅनिकल पाहिलेलेच नाही. पहिल्या वर्षाचा मोठा भाग सर्व शाखांना सारखा असतो: गणित, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, अभियांत्रिकी आलेखन, मूलभूत विद्युत, प्रोग्रॅमिंग. आज कॉम्प्युटरच्या वर्गात बसला असता तरी हेच गणित समोर आले असते. शिवाय दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, जागा रिकामी असेल तर, पहिल्या वर्षाच्या गुणांच्या आधारे शाखा बदलण्याची सोय असते. तिची खात्री नसते, पण वाट असते, आणि त्या वाटेने जायचे असेल तर पहिल्या वर्षी चांगले गुण मिळवणे हाच एक मार्ग आहे. दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयात संस्था पातळीवर, म्हणजे कॅपबाहेर महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांतून, कॉम्प्युटरची जागा मिळत असल्याचे कोणी सांगत असेल, तर एक गोष्ट आधी विचारून घ्या. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेचा लाभ कॅपमधून झालेल्या प्रवेशाला मिळतो. मॅनेजमेंट कोट्यात गेलात तर जी निम्मी फी शासन भरणार होते ती तुमच्या वडिलांवर येते. चार वर्षांचा हा फरक कागदावर मांडल्याशिवाय तसा निर्णय घेऊ नका.

शाखेविषयी आणखी एक करता येईल, आणि ते कोल्हापुरात राहून न करणे म्हणजे मोठी संधी दवडणे आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित वसाहत मिळून इथे फाउंड्री आणि मशीन शॉपचे केवढे मोठे जाळे आहे. एके काळी तेल इंजिने बनवणाऱ्या या शहरात आज वाहन उद्योगाला लागणारी कास्टिंग ओतली जातात. ओळखीच्या माणसाकरवी एखाद्या कारखान्यात एक पूर्ण दिवस जा. साचा कसा तयार होतो, ओतलेला जॉब मशीनवर कसा जातो, कामगार ड्रॉइंग वाचून माप कसे घेतो ते पाहा. हातात व्हर्नियर घ्या, एक माप स्वतः घ्या. तिथे तुम्हाला प्रश्न सुचतात का, की घड्याळाकडे लक्ष जाते? एका दिवसाने आयुष्य ठरत नाही हे मला मान्य आहे, परंतु मेकॅनिकल नको म्हणणाऱ्या अनेक मुलांनी मेकॅनिकलचे काम कधी डोळ्यांनी पाहिलेले नसते, आणि न पाहिलेल्या गोष्टीला नकार देण्यापेक्षा पाहिलेल्या गोष्टीला दिलेला नकार कितीतरी भरवशाचा असतो. पाहूनही मन लागले नाही, तर ती दुसरी पुरेशी होऊ शकणारी तक्रार आहे असे समजा.

झोपेचा मुद्दा तुम्ही एका वाक्यात उरकला आहे. मी तो तसा उरकणार नाही. पहिल्यांदाच घर सोडून वसतिगृहात किंवा कॉट बेसिसच्या खोलीत राहायला आलेल्या मुलाला दोन-तीन आठवडे झोप कमी लागणे, घरची आठवण येणे, खानावळीचे जेवण न जाणे हे सर्वसाधारण आहे आणि ते हळूहळू निवळते. पण झोपेबरोबर भूकही गेली असेल, कोणाशीच बोलावेसे वाटत नसेल, सकाळी उठून तासाला जाण्याच्या विचाराने छाती धडधडत असेल किंवा जगणेच नको असे विचार येत असतील, तर प्रवेशाचा निर्णय दुय्यम आहे. आधी घरी सांगा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. टेली मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. वरच्या वर्गातल्यांचा त्रास हे कारण असेल तर ते रॅगिंग आहे आणि त्यासाठी 1800-180-5522 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. त्रास देणाऱ्याला न रोखता त्रास सोसणाऱ्याने महाविद्यालय सोडावे हे मला कधीच पटलेले नाही. अशा अस्वस्थ मनःस्थितीत रात्री एक वाजता पोर्टल उघडून प्रवेश रद्द करण्याचे बटण दाबू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. प्रवेश रद्द झाला की त्या जागेवरचा तुमचा हक्क संपतो आणि ती जागा पुढच्या उमेदवाराकडे जाते.

एका गोष्टीचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, पण शेतकरी घरातला मुलगा म्हणून ती असण्याची शक्यता आहे, म्हणून विचारतो: फीचा दुसरा हप्ता कसा भरायचा ही चिंता यामागे आहे का? सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऊस शेतात उभा असतो, गाळप सुरू होऊन तोड मिळाल्याशिवाय बिल येत नाही, आणि महाविद्यालयाचा हप्ता मात्र त्याआधीच मागितला जातो. ही अडचण पैसा नसण्याची नसून पैसा उशिरा येण्याची आहे, आणि तिच्यासाठी अभ्यासक्रम सोडायचा नसतो. प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, वडिलांना सोबत न्या, बिल कधी येणार ते लिहा आणि हप्ते पाडून मागा. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज भरला आहे की नाही तेही याच वेळी पाहा. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयात अडकल्यामुळे अर्ज राहून गेला, असे दरवर्षी घडते. हा प्रश्न एखाद्या मुलीचा असता तर मी हेही सांगितले असते की 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने पूर्ण माफ केले आहे, आणि केवळ फीसाठी मुलीचा प्रवेश रद्द करण्याआधी तो शासन निर्णय घरातल्या प्रत्येकाने वाचावा.

आता समजा, आठ दिवसांच्या तपासणीनंतर सोडावे असेच उत्तर आले. तेव्हा कुठे जायचे हे निश्चित असल्याशिवाय सोडू नका. मित्र बी.एस्सी.ला ये म्हणतो, पण त्या महाविद्यालयात आज जागा आहे का, प्रवेशाची तारीख गेली असेल तर विलंबाने प्रवेश देण्याची विद्यापीठाची परवानगी आहे का, आणि तुम्हाला हवा तो विषयगट मिळणार आहे का, हे तिथल्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा आणि शक्य झाल्यास लेखी घ्या. बी.एस्सी. हा कमी दर्जाचा मार्ग आहे असे मी मुळीच मानत नाही. गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र घेऊन तीन वर्षे मन लावून शिकणारा मुलगा, नको असलेल्या शाखेत विषय मागे ठेवत चार-पाच वर्षे काढणाऱ्या मुलापेक्षा नक्कीच चांगल्या ठिकाणी पोहोचतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पहिल्या वर्षाची 40 श्रेयांके (क्रेडिट) आणि जोडीचा 4 श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केल्यास प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते व तीन वर्षांच्या आत परत येता येते, ही सोयही तिथे आहे. मात्र मित्र तिथे आहे एवढ्याच कारणाने जाणार असाल तर थांबा. तो मित्र पुढच्या वर्षी वर्दीच्या भरतीला गेला तर तुम्ही त्याच वर्गात एकटे असाल.

दुसरा मार्ग म्हणजे वर्ष थांबून पुन्हा सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, देणे. इथे मी बहुतेकांना नको म्हणतो, पण प्रत्येकाला नाही. सीईटी दोनशे गुणांची असते आणि तिच्यात साधारण 80 टक्के भर बारावीच्या व 20 टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. म्हणजे पुन्हा तोच अभ्यास, यावेळी शाळा-महाविद्यालयाच्या शिस्तीशिवाय. आजारपण, घरातील दुःखद घटना किंवा असेच ठोस कारण असल्यामुळे तुमचे पर्सेंटाइल बारावीच्या गुणांच्या मानाने फारच खाली गेले असेल, तर एक वर्ष देणे समजू शकते. तसे कारण नसेल, तर जूनमध्ये हातात येणारा आकडा आजच्या आकड्याच्या आसपासच असण्याची शक्यता मोठी. शिवाय गावात घरी बसून अभ्यास करणारा मुलगा उसाच्या तोडीपासून चुलत्याच्या लग्नापर्यंत सगळ्या कामांना हाताशी धरला जातो, हे तुम्हीही जाणता. तिसरा मार्ग पदविकेचा आहे. बारावी विज्ञान झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची तरतूद आहे आणि पदविका झाल्यावर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. हातांनी काम करायला आवडते पण गणिताचा वेग झेपत नाही, अशा मुलाला हा मार्ग मी आवर्जून सुचवतो. या वर्षीची तारीख गेली असली तर पुढच्या वर्षीसाठी लक्षात ठेवा.

सोडण्याचा अर्ज करायचाच झाला तर तो कसा करावा, हे थोडक्यात. प्रवेश रद्द करण्याची विनंती आधी स्वतःच्या लॉगिनमधून ऑनलाइन करायची असते आणि तिथून निघालेल्या अर्जाची सही केलेली प्रत महाविद्यालयात द्यायची असते. नुसते कार्यालयात तोंडी सांगणे किंवा तासाला जाणे बंद करणे म्हणजे प्रवेश रद्द करणे नव्हे. तसे केल्यास मुदत निघून जाते आणि फी अडकते. प्रत देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोहोच घ्या. मूळ प्रमाणपत्रे पडताळून विद्यार्थ्याला परत करावीत, ती अडवून ठेवू नयेत, असे आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेत स्पष्ट आहे. शाळा सोडल्याचा दाखला मात्र प्रत्यक्षात बहुतेक वेळा महाविद्यालयाकडे जमा असतो, म्हणून दाखल्यासाठी वेगळा अर्ज लागेल. त्यावरचे नाव, जन्मतारीख, जात आणि सोडण्याचे कारण कार्यालयाबाहेर पडण्याआधीच वाचून घ्या. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांत राहणार असाल तर काम सोपे जाते. दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल आणि तोपर्यंत इथली नोंदणी झालेली असेल, तर स्थलांतर प्रमाणपत्राचीही चौकशी करा. परतावा अडवला गेला तर आधी महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करायची असते, आणि तिथे न्याय मिळाला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. शैक्षणिक कर्ज काढले असेल तर बँकेला त्याच आठवड्यात कळवा, कारण बँकेने थेट महाविद्यालयाला दिलेली रक्कम कर्जखात्यात परत जाईपर्यंत तिच्यावर व्याज चालूच राहते. खासगी खोलीच्या मालकाकडे दिलेल्या अनामतीला यांपैकी कोणताही नियम लागू होत नाही. ती मागायला वडिलांनाच घेऊन जा.

राहिला वडिलांचा प्रश्न. त्यांच्याशी फोनवर बोलू नका. आठ दिवसांची तपासणी झाल्यावर, मुदतीच्या किमान तीन दिवस आधी, गावी जा आणि समोर बसा, आईलाही बसवा. सोबत गणिताची ती दहा उदाहरणांची पाने न्या, वेळापत्रकाची प्रत न्या, दोन्ही पर्यायांचा चार वर्षांचा खर्च लिहिलेला कागद न्या. "मला जमत नाही" या वाक्याला कोणताही बाप "जमव" असेच उत्तर देणार. पण "दहांपैकी सात उदाहरणे सुटली, इंग्रजी अडते आहे, जानेवारीपर्यंत वेळ द्या" किंवा "समजावून घेऊनही दोनच सुटली, कारखान्यातही मन रमले नाही, बी.एस्सी.ची जागा पक्की आहे आणि एक हजार सोडून सगळी फी परत येते" असे सांगितलेत, तर त्यांना उत्तर देण्याआधी विचार करावा लागेल, आणि तो ते करतील. त्यांना शंका उरली तर त्यांना महाविद्यालयात घेऊन या आणि तुमच्या वर्गशिक्षकांशी बोलणे करून द्या. सोडायचे ठरले तर अर्ज शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. त्या दिवशी पोर्टल रखडते, कार्यालयात रांग असते आणि सही करणारे साहेब नेमके बैठकीला गेलेले असतात. राहायचे ठरले तर दुसऱ्याच दिवशी तासाला हजर व्हा, कारण या बारा दिवसांत बुडालेली हजेरीही 75 टक्क्यांच्या हिशेबात धरली जाते.